दारिद्र्याचे शपथपत्र

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात (१७७५–१७८३) धडधाकट परतलेल्या सामान्य शिपायाला निवृत्तिवेतन देणारा कायदा युद्ध संपल्यानंतर तब्बल पस्तीस वर्षांनी झाला, आणि तो करतानाही सेवेच्या जोडीला दारिद्र्य सिद्ध करण्याची अट घालण्यात आली. अपंग झालेल्यांसाठी १७७६ मध्येच तरतूद झाली होती. अधिकाऱ्यांना १७८० मध्ये तहहयात अर्ध्या पगाराचे वचन मिळाले आणि १७८३ मध्ये त्याऐवजी पाच वर्षांच्या पूर्ण पगाराइतक्या रकमेचे रोखे देण्याचे ठरले. शिपायाच्या वाट्याला थकलेल्या पगाराच्या हुंड्या आणि शंभर एकर जमिनीचे आश्वासन आले. यांपैकी हुंड्या अनेकांनी घरी जाण्यापुरते कपडेलत्ते घेण्यासाठी सटोडियांना पडेल भावात विकल्या, आणि जमिनीच्या हक्कांवरही याच वर्गाची नजर होती.

अध्यक्ष जेम्स मन्रो यांच्या कारकिर्दीत १८ मार्च १८१८ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने कॉन्टिनेंटल लाइनमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या (वसाहतींच्या प्रतिनिधी-सभेच्या) थेट हुकमतीखालील नियमित पलटणींमध्ये, किमान नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत नोकरी केलेल्या आणि वृद्धापकाळी सरकारी मदतीची गरज असलेल्या सैनिकांना निवृत्तिवेतन देऊ केले. शिपायाला दरमहा ८ डॉलर आणि अधिकाऱ्याला २० डॉलरपर्यंत असा दर होता. मिलिशिया, म्हणजे गरजेपुरती बोलावली जाणारी स्थानिक शिबंदी, यातून वगळण्यात आली. पुराव्याचा प्रश्न मात्र बिकट होता. युद्धखात्याच्या कचेरीला ८ नोव्हेंबर १८०० रोजी लागलेल्या आगीत जुनी दप्तरे भस्मसात झाली होती. त्यामुळे सरकारने स्वतः गमावलेला पुरावा साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांनी आठवणीतून आणि हयात असलेल्या सोबत्यांच्या साक्षींतून उभा करावा, अशी अपेक्षा निर्माण झाली.

या व्यवस्थेतून गेलेल्या अर्जदारांपैकी जोसेफ प्लंब मार्टिन याचा अनुभव विशेष अभ्यासनीय ठरतो, कारण त्याने न्यायालयात दिलेल्या शपथपत्राबरोबरच स्वतःच्या सैनिकी आयुष्याचे सविस्तर कथनही मागे ठेवले आहे. मॅसॅच्युसेट्समधील बेकेट येथे १७६० मध्ये एका पाद्र्याच्या घरी जन्मलेला आणि आजोळी कनेक्टिकटमध्ये वाढलेला मार्टिन १७७६ मध्ये, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याआधीच, सहा महिन्यांच्या बोलीवर भरती झाला आणि पुढच्या वर्षी युद्ध संपेपर्यंतच्या बोलीवर परत गेला. डेलावेअर नदीतील फोर्ट मिफ्लिनवरील तोफांचा भडिमार त्याने सोसला, मॉनमथची लढाई पाहिली आणि १७८० मध्ये उपासमारीला कंटाळून कनेक्टिकटच्या पलटणींनी केलेल्या बंडाच्या वेळीही तो छावणीत होता. त्याआधीच्या मॉरिसटाउन येथील हिवाळ्यात चार दिवस बर्च झाडाच्या सालीखेरीज पोटात काही गेले नाही आणि काही जणांनी जुने जोडे भाजून खाल्ले, असे तो नमूद करतो. सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे खंदक खणणाऱ्या व तटबंदीची वाट मोकळी करणाऱ्या दलात गेल्यावर १४ ऑक्टोबर १७८१ च्या रात्री यॉर्कटाउन येथील दहाव्या बुरुजावरील हल्ल्यात त्याने भाग घेतला. या मोहिमेवर निघतानाच त्याला एका महिन्याचा पगार नाण्यांत मिळाला, आणि खरा पैसा म्हणावा असा पगार १७७६ नंतर तो पहिलाच होता, ही नोंद त्याच्या कथनातील कोणत्याही लढाईच्या वर्णनाइतकीच महत्त्वाची मानावी लागते.

युद्धानंतर मार्टिनने आजच्या मेन राज्यात, पेनॉबस्कॉट नदीच्या मुखाजवळील प्रॉस्पेक्ट येथे, रिकामी समजून जमीन कसायला घेतली. या प्रदेशावर हेन्री नॉक्स यांनी पत्नीच्या वारशाने आलेल्या जुन्या सनदेच्या आधारे मालकी सांगितली. हे नॉक्स म्हणजे सरसेनापती वॉशिंग्टनच्या तोफखान्याचे प्रमुख आणि नंतरचे युद्धमंत्री. त्यांचा दावा १७९७ मध्ये मान्य झाला, मार्टिनच्या शंभर एकरांची किंमत १७० डॉलर ठरली, आणि ती फेडण्याची ऐपत नसलेल्या या जुन्या सैनिकाला आपल्याच जुन्या सेनाधिकाऱ्यापुढे जमीन राहू देण्याची याचना करावी लागली. (जमिनीच्या व्यवहारांत बुडालेले नॉक्सही १८०६ मध्ये कर्जबाजारी अवस्थेतच वारले, पण त्यामुळे मार्टिनचे शेत वाचले नाही.) १८११ पर्यंत ते निम्म्यावर आले होते आणि १८१८ मध्ये निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना त्याच्या नावावर काहीही उरले नव्हते. अर्ज मंजूर होऊन त्याला वर्षाला ९६ डॉलर मिळू लागले.

तथापि अर्जदारांची संख्या आणि खर्च सरकारच्या अंदाजापलीकडे गेला, लबाडीच्या तक्रारी होऊ लागल्या, आणि १ मे १८२० च्या दुरुस्तीने प्रत्येक निवृत्तिवेतनधारकास अंगावरचे कपडे व अंथरूण-पांघरूण वगळता असलेल्या सर्व मालमत्तेची यादी न्यायालयात शपथेवर सादर करण्यास भाग पाडले. त्याच उन्हाळ्यात मार्टिनने दिलेल्या यादीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर एवढीच मालमत्ता आहे, आणि तिच्या जोडीला स्वतःची अशक्तता, संधिवाताने आजारी पत्नी व पोसायची मुले यांचा उल्लेख आहे. तपासणी करणे सरकारला भागच होते, हा युक्तिवाद पूर्णपणे फेटाळता येत नाही; परंतु त्या तपासणीची रचना अशी होती की, ज्याने पोटाला चिमटा घेऊन थोडीफार शेती टिकवली, त्याचेच नाव कमी होण्याचा धोका अधिक असे. हजारो नावे अशी वगळली गेली आणि त्यांतील अनेक १८२३ च्या कायद्याने पुन्हा घ्यावी लागली, यावरून सरकारलाही या कठोरपणाची जाणीव झाल्याचे दिसते.

मार्टिनने १८३० मध्ये मेनमधील हॅलोवेल येथे, लेखकाचे नाव न देता, आपले कथन प्रसिद्ध केले, आणि त्याच्या अखेरच्या भागात निवृत्तिवेतनाबद्दल कुरकुर करणाऱ्या नागरिकांचा उपरोधाने समाचार घेतला. न्यायालयातील शपथपत्र त्याला कंगाल म्हणून उभे करते, तर पुस्तकात तोच मनुष्य देशाकडे थकीत येणे मागणाऱ्या सावकाराच्या आवाजात बोलतो. दोन्ही कागदांत अवघ्या दहा वर्षांचे अंतर असल्याने हा फरक स्वभावात नसून, बोलणे कोणाच्या परवानगीने चालले आहे यात आहे.

गरिबीची अट अखेर ७ जून १८३२ च्या कायद्याने सुटली. सहा महिन्यांची सेवाही त्यात ग्राह्य धरली गेली, मिलिशियालाही प्रवेश मिळाला आणि अर्जदाराने भर न्यायालयात जन्मस्थळ, वय, भरतीचे वर्ष, ओळखीचे अधिकारी व पाहिलेल्या लढाया सांगाव्यात, एवढेच मागितले गेले. त्यामुळे कारकुनांच्या हस्ताक्षरात, बहुधा प्रथमपुरुष टाळून, हजारो सामान्य सैनिकांची आत्मवृत्ते नोंदली गेली आणि ती आज वॉशिंग्टन शहरातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. युद्ध संपून तेव्हा एकोणपन्नास वर्षे झाली होती. १८१८ च्या यादीत ज्यांना जागा मिळाली नाही अशा बहुसंख्य शिपायांना आपले वृत्त सांगण्यासाठी न्यायालयापर्यंत पोचणे शक्य उरले नव्हते.