काचेवरचा ठसा

मुलानं पुण्याहून फोक्सवॅगन बीटलचं प्लॅस्टिकचं मॉडेल आणलं. जपानच्या टामिया कंपनीचं, 24 पट लहान. खरी गाडी चार मीटरहून थोडी लांब; ही जेमतेम 17 सेंटिमीटर! सुटे भाग चौकटीतून कापायचे, घासायचे, रंगवायचे, मग चिकटवायचे. रोज रात्री जेवणं आटोपली की मी टेबलाशी बसू लागलो.

एकदा बाबाही येऊन बसले. 40 वर्षं गॅरेजात काढलेला माणूस. "इंजिन मागं बसव रे, हिची डिकी पुढं असते," म्हणाले. मला ते ठाऊकच नव्हतं.

समोरची काच त्यांनी हातात घेतली. हात थरथरला, गोंद काचेवर ओघळला. त्यांनी अंगठ्यानं पुसायला पाहिलं. पण हा गोंद प्लॅस्टिक विरघळवूनच जोडतो. काच धुरकटली. मी चिडून म्हणालो, "राहू द्या बाबा, तुम्हाला नाही जमायचं."

ते निमूट उठले. पुन्हा टेबलाकडे फिरकले नाहीत.

गेल्या श्रावणात बाबा गेले. मुलगा म्हणतो, नवी काच बसवू. मी नको म्हटलं. त्या काचेवर त्यांच्या अंगठ्याच्या रेषा आहेत. ज्या हातांनी गावाच्या गाड्या दुरुस्त केल्या, त्यांना मी 'नाही जमायचं' म्हणालो होतो.