गुरुकुंजात परतणारे

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, तिवसा तालुक्यात, मोझरी लागते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम वसवला आणि गावाच्या नावाआधी गुरुकुंज हे नाव कायमचे जोडले गेले. आश्रमासमोरच त्यांची महासमाधी आहे.

आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, पुण्यतिथी महोत्सवात, हा परिसर माणसांनी भरून जातो. सोयाबीन नुकतेच घरात आलेले असते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते; तरी शेतकरी वेळ काढून येतात. डोक्यावर भगवी टोपी, हाती खंजिरी, आणि भेटताच ‘जय गुरु’. यांतील पुष्कळजण कधीकाळी येथे शिकलेले असतात. कोणी उन्हाळ्यातील सुसंस्कार शिबिरात आलेला असतो, कोणी प्रचारक म्हणून घडलेला.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आज सर्वत्र भरतात. त्यांत एक उणीव मात्र राहते. ज्याचे बरे चालले आहे तो हौसेने येतो. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या शेतावर कर्ज चढले, तो निमंत्रण वाचून घरीच बसतो. नेमकी त्यालाच शाळेची गरज असते! गुरुकुंजात हा संकोच गळून पडतो, कारण येथील नाते वर्षातून एकदा भेटण्यापुरते नाही. ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत विवाहापासून अंत्यसंस्कारापर्यंत सारे आयुष्य आले आहे. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. मोझरीहून गेलेल्या मुलाला परक्या गावीही त्या सतरंजीवर जागा असते. रोज येणारा चार दिवस दिसला नाही, तर ती रिकामी जागा लक्षात येतेच. मग कोणीतरी त्याच्या घराकडे वळतो. आधार म्हणतात तो बहुधा एवढ्यावरूनच सुरू होतो.

वऱ्हाडाला हे नाते नवे नाही. कारंजा लाड येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. तेथे घडलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे इतर गुरुकुलांचा भार वाहिला. विद्येचे ऋण पुढच्या मुलांकडे फेडावयाचे, ही रीत तेथेही होती.

महोत्सवातील मुख्य क्षण मौनाचा. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला. त्याच वेळी दरवर्षी हजारोंचा समुदाय निश्चल उभा राहतो. खंजिरी थांबते, विक्रेत्यांच्या हाका थांबतात. त्या स्तब्धतेत मोठ्या पदावरचा कोण आणि उधारीवर बियाणे घेऊन पेरणी केलेला कोण, हे ओळखू येत नाही.

गोपाळकाला झाला की पांगापांग सुरू होते. एसटीच्या थांब्यावर पिशव्यांची गर्दी होते. कोणीतरी शेजारच्याला त्याच्या गावच्या मंडळाची प्रार्थना किती वाजता असते, ते विचारून घेतो.