दिवेआगर ते वेळास

महाराष्ट्राचा नकाशा उघडा पाहू. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सावित्री नदी समुद्राला मिळते. सापडली? तिच्या अलीकडे श्रीवर्धन तालुका, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड. गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस मी अलिबागहून गुहागरला सायकलनं गेले, एकटी, पाच दिवसांत. त्यातला हा तिसरा दिवस. अंतर साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर.

“एवढंच?” असं म्हणाल. पण किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो असं समजू नका हं! इथे डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात. प्रत्येक सोंडेवर चढायचं, पलीकडच्या पुळणीवर उतरायचं, की लगेच पुढची सोंड हजर. शेखाडी, आरावी करत जाताना उजव्या हाताला सारखा समुद्र दिसतो. बघायला तो सुंदरच, पण चढावर डोळ्यांत घाम जातो तेव्हा काही दिसत नाही! अशा वेळी पुढचं लहान चाक आणि मागचं मोठं चाक असा गियर टाकायचा. पाय भराभर फिरतात, सायकल मुंगीच्या चालीनं जाते, पण जाते. पाण्याच्या बाटलीत मी मीठ, साखर, लिंबू घातलं होतं, कारण घामाबरोबर अंगातलं मीठही जातं.

श्रीवर्धनच्या अलीकडे मागचं चाक फुसकन बसलं. बाभळीचा काटा! ट्यूबला भोक कुठे आहे ते कळायला पाणी लागतं. शेजारच्या वाडीत एक आजोबा शिंपणं करत होते. मी हाक मारली.

“पाणी प्यायला हवं, बाय, की टायरला?” त्यांनी विचारलं आणि घमेलं भरून आणलं. ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे आले तिथे खूण केली, कोरडी करून घासली, सोल्युशन लावून ठिगळ दाबलं. आजोबा सगळं लक्ष देऊन बघत होते. मग म्हणाले, “आता माझी वाडी बघ.”

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण या वाडीत मधेमधे मोकळं आभाळ दिसत होतं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. आजोबांची दीडशेच्या वर झाडं होती, संध्याकाळी अकरा उभी राहिली. काही मुळासकट गेली, काहींचे नुसते शेंडे मोडले. आंब्याची फांदी मोडली तर बाजूनं फुटवा येतो. सुपारीचं तसं नाही. तिला वाढीचं टोक एकच, अगदी माथ्यावर. ते गेलं की झाड गेलं.

त्याच पावसाळ्यात आजोबांनी नवी रोपं लावली. तेव्हा त्यांची साठी उलटली होती. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून शेजारी केळी लावल्या. सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी लागतात. “गावात लोक म्हणायचे, म्हातारा कुणासाठी लावतोय?” ते हसले. मग मला एका झाडापाशी नेलं. माझ्या डोक्याच्या थोडं वर, खोडाला चिकटून एक लहानसा घड होता. वाडीतला नवा, पहिला. “मुलाला अजून सांगितलं नाय. मुंबईला असतो. शिमग्याला येईल तेव्हा स्वतःच बघेल.”

माझी शाळा घाटावर आहे हे कळल्यावर त्यांनी जुन्या झाडाच्या पाच सुपाऱ्या दिल्या, सालीसकट. “पोरांना दाखव. त्यांना वाटत असेल दुकानातच पिकते.” खरं सांगू? माझ्या वर्गात चौघा-पाचजणांना तसंच वाटत होतं!

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. 1713 साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. गावात जेवले आणि ऊन उतरायची वाट पाहिली. दुपारनंतर या किनाऱ्यावर वारा समुद्राकडून सुटतो, कारण जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तो वायव्येचा असतो आणि मी चालले होते दक्षिणेला. म्हणजे फुकटचा धक्का! हरिहरेश्वरला देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते. भरतीच्या वेळी तिथे लाटा चढतात. तेव्हा भरतीच होती, म्हणून मी वरूनच नमस्कार केला. आईबाबांनो, तिथे मुलांचा हात धरा आणि आधी भरतीची वेळ विचारा.

बागमांडल्याला फेरीबोट लागलेलीच होती. मोटारी, दुचाक्या, मासळीच्या पाट्या आणि त्यांत माझी सायकल. एक मावशी म्हणाली, “संगती कोण नाय? भ्या नाय वाटत?”

“चढाचं वाटतं,” मी म्हटलं. अख्खी बोट हसली.

पलीकडे वेसवी. तिथून बाणकोटवरून वेळासला पोचले तेव्हा सूर्य बुडायचा होता. घरी फोन केला, सायकलीची साखळी पुसून तेल दिलं. वेळासच्या किनाऱ्यावर या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात. 2002 पासून गावकरी ती अंडी राखतात. पहाटे बघायला जायचं होतं, म्हणून सोलकढी-भात खाऊन आठलाच आडवी झाले.