खरड छाटणी, गोडी छाटणी

दिंडोरीला माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये तिथं गेलं की जीव कळवळतो. वेलीच्या काड्या एकेक डोळा राखून सपासप कापलेल्या असतात. ही खरड छाटणी. ऑक्टोबरात दुसरी, गोडी छाटणी. घड धरतो तो तिच्यानंतर. मुलांसाठी कविता लिहिणाऱ्या मला ही दोन्ही नावं आयतीच मिळाली. पहिला खर्डा खरडायचा आणि निर्दयपणे कापायचा. गोडीचं नंतर बघू.

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्यासारख्यांना शाळांतून बोलावणी येतात. नाशिक म्हणजे कुसुमाग्रजांचं गाव ना! त्याच दिवसांत बागांतला माल तोडायला आलेला असतो, म्हणून एका वर्षी मी द्राक्षपरीची कविता नेली. परी हिरव्यागार मळ्यात उतरते, घडावर बसते आणि फळं खाण्याचे फायदे सांगते. दुसरीतली पोरं अगदी शहाण्यासारखी ऐकत होती. पोरं शहाण्यासारखी बसली की कविता गेलीच म्हणून समजावं. शेवटी एकानं विचारलं, "तिला मुंग्या नाही चावल्या?"

घरी येऊन कात्री काढली. फायदे पहिल्यांदा गेले. 'हिरवागार' गेला, नाशिकच्या पोराला द्राक्षाचा रंग काय सांगायचा? मी सोळा मात्रांत लिहितो, आठ-आठचे दोन तुकडे पाडून. टाळी आपोआप बसते, दोरीवरच्या उड्यांनाही ते चालतं. पण या मापात 'सुंदर' हा शब्द फार लबाड. नेमक्या चार मात्रांचा, कुठंही पाचर मारावी तसा बसतो आणि सांगत काहीच नाही. माझ्या त्या कवितेत तो तीनदा होता.

बागेत बायका बारीक कात्रीनं घडातले मणी विरळतात. चांगले, निरोगी मणीसुद्धा काढून टाकतात. दाटी झाली की कुणालाच फुगायला जागा उरत नाही. मीही विरळत गेलो. उरलं ते एवढं:

द्राक्षघडाचा झाला झोका,
मुंगी म्हणते, धोका धोका!

विंदा करंदीकर 'स्वेदगंगा' लिहून झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, 1961 मध्ये 'राणीची बाग' घेऊन मुलांकडे आले. मोठ्यांचा कवी मुलांत आला की बहुधा खाली वाकून बोलतो. विंदा वाकले नाहीत, सरळ मांडी घालून बसले. मला ते अजून जमत नाही. उपदेशाची फूट पुन्हा पुन्हा निघते, ती रोज खुडावी लागते.

पुढच्या फेब्रुवारीत तीच कविता पुन्हा वाचली. नाव मात्र बदलायचं राहून गेलं होतं, 'द्राक्षपरी'. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "पण यात परी कुठंय?"

मी उत्तर जुळवतोय तोवर मागच्या बाकावरून आवाज आला, "पळाली! मुंगी चावली तिला!"