बाटली आणायच्या आधी दोरा बांधून बघा



दुधी, दोडका, कारलं, काकडी मांडवावर चढली की एकच प्रश्न चहूकडून येतो. फुलं मावत नाहीत, पण सेटिंग होत नाही. काय मारू?

काय मारू हे नंतर. आधी वेलावर काय चाललंय ते बघू.

दुधी भाजी की फळ, असं शाळेतली पोरं विचारतात. बाजारात ती भाजी, पण झाडाच्या हिशेबाने फळ. फुलातून तयार होतं आणि पोटात बी धरतं ते फळ. मग टोमॅटो, वांगं, मिरची, भेंडी ही सगळी फळंच झाली. मेथी म्हणजे पान, बटाटा म्हणजे जमिनीतलं खोड, गाजर म्हणजे मूळ. पान विकणाऱ्याचं खत-पाण्यावर भागतं. फळ विकणाऱ्याला फुलाकडे बघावंच लागतं.

टोमॅटो-वांग्याच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. वाऱ्याने फूल हललं तरी बरंचसं काम होतं. वेलवर्गात तसं नाही. एकाच वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे पहिल्यापासून इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. आधी नर फुलं येतात आणि ती गळतातच. ती फळ देणारी नसतातच, त्यामुळे ती गळाली म्हणून घाबरायचं कारण नाही. ऊन फार असेल किंवा युरिया जास्त पडला असेल तर नर फुलं आणखी वाढतात.

मागच्या हंगामात भाच्याचा फोन आला. वीस गुंठे दुधी, तार-बांबूचा खर्च सोसायटीच्या कर्जातून केलेला. म्हणाला, "मामा, बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायला लागलीत. दुकानदार पंधराशेची बाटली देतोय. तिनं नाही जमलं तर वेल उपटून टाकतो."

मी म्हटलं, "उपटू नको. आज संध्याकाळी मांडवात जा. आजच उमललेलं नर फूल तोड, पाकळ्या काढ आणि मधला पिवळा भाग उमललेल्या मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने घास. अशी बारा फुलं कर. देठाला रंगीत दोरा बांध, फार आवळू नको. शेजारची बारा मादी फुलं तशीच सोड, त्यांना पांढरा दोरा बांध."

पाचव्या दिवशी त्याने फोटो पाठवले. रंगीत दोऱ्याची नऊ फळं फुगून खाली लोंबायला लागली होती. पांढऱ्या दोऱ्याची दोनच धरली होती, बाकी पिवळी. म्हणजे वेलात ताकद होती, खतही पुरेसं होतं. फक्त पराग पोचवणारं कोणी नव्हतं.

का नव्हतं? फवारा कधी मारतोस विचारलं, तर म्हणाला, "संध्याकाळीच. मधमाशीला त्रास नको म्हणून." पोराची नियत चांगली होती. पण काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, म्हणून त्यांना संध्याकाळचा फवारा बरा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. तिन्हीसांजेला त्यावर पतंग येतात, सकाळी मधमाशा येतात. ऐन उमलायच्या वेळेला कीटकनाशक पडत होतं. म्हणून फवाऱ्याची वेळ घड्याळात बघू नका, फुलात बघा. कालची फुलं मिटली आणि आजची अजून उमलली नाहीत, तेवढ्या वेळात मारा. भर उन्हाची वेळ मात्र टाळा.

दुसरं, त्याच्या बांधावर हिरवं काही उरलंच नव्हतं. करंज तोडलेला, तण औषधाने जाळलेलं. मांडव फुलायच्या आधी सातेरी आणि फुलोरी माशीने कशावर जगायचं? आता त्याने बांधाला तुळस, झेंडू आणि शेवगा लावलाय.

सगळीच फळगळ अशी नसते. लहान फळावर टोचल्याची खूण असेल, डिंकासारखा रस आलेला असेल आणि चिरल्यावर अळी दिसली तर ती फळमाशी. तिथे हाताने पराग लावून उपयोग नाही. किडकी फळं गोळा करून खोल पुरा आणि क्यू-ल्यूरचे सापळे लावा. फळ एका बाजूला बारीक आणि वाकडं होत असेल तर बऱ्याचदा पराग अपुरा पडलेला असतो. आणि हाताने पराग लावलेली फुलंही गळत असतील, तर पाणी, उष्णता, व्हायरस, अन्नद्रव्य हे तपासायचं. तेव्हा कृषी सहायकाला बोलवा आणि दोऱ्याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. नुसतं "गळतंय" म्हणण्यापेक्षा त्यांनाही निदान करणं सोपं जातं.

मादी फुलं वाढवायची संजीवकं आहेत, नाही असं नाही. पण ती रोप दोन ते चार पानांवर असताना द्यायची असतात. मांडव फुलून गेल्यावर त्यांची वेळ निघून गेलेली असते.

करटोली लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिच्यात नर वेल आणि मादी वेल वेगवेगळे असतात. सगळे मादी वेल ठेवून नर उपटले तर फळाची आशाच सोडा. दहा मादीमागे एक तरी नर वेल प्लॉटमध्ये पसरून ठेवा.

दोऱ्याला खर्च नाही, लागतात ते चार-पाच दिवस. ज्यांचा मांडव आता फुलावर आहे त्यांनी फुलं उमलायच्या वेळी दहा मिनिटं एका जागी उभं राहून किती माशा येतात ते मोजा. पीक कोणतं, वेळ कोणती आणि माशा किती, एवढं खाली लिहा. गावागावाचा आकडा एकत्र दिसला तर सगळ्यांनाच कामाला येईल.