चौदा फुटांचा स्लॅक

खायचा नाही, तर मासा पकडायचा कशाला? आईचा हा प्रश्न मालवणी आहे आणि सरळ आहे. आमच्याकडे खाडीवर गरवायला जातात ते रात्रीच्या कालवणासाठी. मी पेनसिल्व्हेनियात स्प्रिंग क्रीकवर ज्या ट्राउटच्या मागे असतो, तो कायद्याने परत पाण्यात सोडावा लागतो. एका केमिकल कारखान्यातून केपोन आणि मायरेक्स या ओढ्यात उतरलं आणि १९८२ पासून इथला मासा घरी न्यायला बंदी आली. खाणारी माणसं बाजूला झाली आणि मासे मात्र वाढले. वाढले आणि शहाणेही झाले. म्हणून तर लांब लीडर लागतो.

लीडर म्हणजे काय? फ्लाय हा हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो फेकता येत नाही. आपण फेकतो ती जाड, रंगीत लाइन. लाइन आणि फ्लाय यांच्यामधली निमुळती होत जाणारी पारदर्शक दोरी म्हणजे लीडर. चाबकासारखंच आहे हे. जाड टोकाकडून आलेला जोर बारीक टोकापर्यंत पोचवायचा, पण पोचेपर्यंत तो जिरलाही पाहिजे. दुकानात साधारण नऊ फुटी मिळतो. मी चौदा फुटी घरी बांधतो.

माझी रेसिपी अशी. ०.०१७ इंच जाडीची नायलॉन ४८ इंच, मग ०.०१५ ची २४, ०.०१३ ची १८, नंतर ०.०११, ०.००९ आणि ०.००७ ची प्रत्येकी १२ आणि शेवटी ०.००६ ची ४२ इंच. शेजारच्या दोन तुकड्यांच्या जाडीत ०.००२ पेक्षा जास्त फरक ठेवायचा नाही, नाहीतर ब्लड नॉट नीट बसत नाही. गाठ आवळण्याआधी थुंकी लावायची, कारण घर्षणाने तापली की नायलॉन कमजोर होते. शेवटच्या तुकड्याला टिपेट म्हणतात आणि माझा असतो ५एक्स. अकरातून पाच वजा केले की सहा, म्हणजे ०.००६ इंच. ही भानगड रेशीमकिड्यांच्या तातीच्या काळातली. तात जितक्या वेळा साच्यातून ओढून बारीक करायची, तितके एक्स. तात गेली, नायलॉन आलं, नाव तेच राहिलं. जुना कोड सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

एवढा खटाटोप ड्रॅगसाठी. ओढ्यात मधला प्रवाह वेगात असतो, काठाकडचा संथ. लाइन वेगवान पाण्यावर पडली की फ्लायला फरपटत नेते. खरा किडा असा पाणी कापत जात नाही. ट्राउट वर येतो, बघतो आणि परत खाली जातो.

यावर जॉर्ज हार्वे या माणसाने आयुष्यभर काम केलं. पेन स्टेटमध्ये १९४७ पासून त्याने फ्लाय फिशिंग चक्क क्रेडिटचा विषय म्हणून शिकवलं. मी त्याच विद्यापीठात एमएस केलं, पण तेव्हा मला अल्गोरिदमपलीकडे काही दिसत नव्हतं. हार्वेचं म्हणणं, लीडर सरळ पडूच नये. टिपेट पाण्यावर नागमोडी पडावा. प्रवाहाला ती वळणं सरळ करायला जितके सेकंद लागतात, तितके सेकंद फ्लाय मोकळा वाहतो. टिपेट ताठ पडला तर लांबी वाढवायची, ढीग होऊन पडला तर कमी करायची. कास्ट करताना जोर आवरायचा, रॉड उंचावरच थांबवायची आणि लीडरला हवेत पूर्ण उलगडू द्यायचं नाही. चौदा फुटांवर हे जमायला मला दीड महिना लागला.

तेवढा वेळ होता, कारण एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. सकाळी नऊला लॅपटॉपवर स्लॅक उघडेना आणि त्याच आठवड्यात मी पाण्यावर स्लॅक टाकायला शिकू लागलो. एच-वन-बीवाल्याला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधा, नाहीतर निघा. दिवसभर अर्ज आणि मुलाखती, संध्याकाळी ओढा. मे संपता संपता संध्याकाळी पाण्यावर पिवळसर सल्फर माश्या निघतात आणि पाण्यावर गोल वलयं उमटायला लागतात.

त्रेचाळिसाव्या दिवशी एका वलयाच्या चार फूट वर फ्लाय पडला. टिपेटची वळणं मला दिसत होती. एक उलगडलं, दुसरं उलगडलं, तिसरं अजून शिल्लक होतं तेव्हा त्याने तोंड उघडलं. सोनेरी अंगावर लाल ठिपके, हातभर नाही पण वीतभराहून मोठा ब्राउन ट्राउट. हाही इथला नव्हे. १८८३ मध्ये याच्या जातीची अंडी जर्मनीहून बोटीने अमेरिकेत आली. त्याला ओल्या हाताने धरलं, हुक काढला, तोंड प्रवाहाकडे करून थांबलो. दम आला तसा तो गेला.

आज पन्नासावा दिवस. तीन मुलाखती बाकी आहेत, त्यातली एक पुण्याची. तिचा मेल आठवडाभर न उघडता पडून होता, कारण तो उघडणं म्हणजे हरणं असं माझ्या डोक्यात होतं. काल उघडला आणि गुरुवारची वेळ कळवली. मग टेबलावर नायलॉनची रिळं मांडून एक नवा लीडर बांधला.