मामांची दुर्बीण

मुरूडच्या माझ्या मामांना शिकारीपेक्षा शिकारीच्या गप्पांचा नाद अधिक. ०.३१५ बोअरची रायफल घ्यावी, वर चार पटींची दुर्बीण चढवावी, म्हणजे तीनशे यार्डांवरचे डुक्कर जागच्या जागी लोळेल, असे ते ओसरीवर बसून सांगत. पण फणसाडच्या रानात तीनशे यार्ड दिसते कुणाला? करवंदीच्या जाळीत तीस पावलांवर नजर अडते. तिथे दुर्बिणीतून पानेच तेवढी मोठी दिसायची! तिथे १२ बोअरची बंदूक अन् एल. जी.चे काडतूसच खरे. पुढे १९७२ च्या कायद्याने शिकारीला पायबंद बसला. १९८६ साली जंजिऱ्याच्या नबाबाच्या या राखीव शिकारी रानाचे अभयारण्य झाले. मामांनी दुर्बीण अखेर घेतलीच, बिनरायफलीची. शेकरू दिसले की आम्हांला गप्प करून ते पुटपुटत, "साठ यार्ड. वारा उजवीकडून."